सायकल कोळप्याची पास वेल्ड करू नका, बोल्टने बसवा

तण काढण्याची घाई असते, तेव्हाच मजूर मिळत नाहीत. अशा वेळी एका माणसाला ढकलून चालविता येणारे सायकल कोळपे उपयोगी पडते. जुने चाक, लोखंडी पट्ट्या, पाईप आणि वेल्डिंगची सोय असल्यास ते घरीच तयार करता येते. मात्र वेल्ड केलेली पास ऐन कोळपणीत जोडालगत तुटते. त्याचे कारण शेतकरी बंधूंनी समजून घ्यावे.

पास का तुटते?

पासेसाठी बहुधा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. साध्या लोखंडात कार्बन ०.२५ टक्क्यांपर्यंत, तर पाट्यात सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो. त्यामुळेच पाट्याची धार टिकते. परंतु वेल्डिंगने तापलेला पाटा झपाट्याने थंड झाला, की जोडालगतचा भाग काचेसारखा कडक व ठिसूळ होतो. दगड लागताच तेथे तडा जातो. जोडावर पाणी ओतल्यास हा दोष आणखी वाढतो.

बनविण्याची पद्धत

१) २५ × ५ मि.मी. च्या दोन पट्ट्यांमध्ये चाक आसाच्या नटांनी बसवावे. पट्ट्यांच्या मागील टोकांना पासेचा दांडा व मुठीचे पाईप जोडावेत. मुठी कमरेच्या उंचीवर याव्यात.

२) जोडाच्या जागेवरील गंज, रंग व तेल काढावे. २.५ मि.मी. चा कोरडा रॉड व ६० ते ९० अँपिअर करंट वापरावा. प्रथम टाके मारून मापे तपासावीत, नंतर जोड पूर्ण करावेत.

३) पास १५ ते २० सें.मी. रुंद ठेवावी. लोहाराकडून पाटा लाल तापवून आकार द्यावा, दोन भोके पाडून घ्यावीत आणि धारेला पाणी द्यावे.

४) दांड्याच्या खालच्या टोकाला साध्या लोखंडाची जाड पट्टी वेल्ड करावी. त्या पट्टीवर पास १० मि.मी. च्या दोन बोल्टांनी घट्ट कसावी.

घ्यावयाची काळजी

जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाईप वेल्ड करू नये. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. काळा पाईप वापरावा. काळ्या काचेची ढाल व कोरडे हातमोजे वापरल्याशिवाय काम करू नये. ओल्या जागेवर उभे राहू नये.

बोल्टने बसविलेली पास झिजली किंवा वाकली तर शेतातच पान्याने बदलता येते. म्हणून एक जादा पास आधीच करून ठेवावी, म्हणजे वाफसा असताना कोळपणी अडणार नाही.