उन्हाळ्यातील साप आणि आपली वस्ती



गळीत हंगाम आटोपला की गट ऑफिसात ऊसनोंदीच्या चौकशीबरोबर दरवर्षी एक वेगळीच तक्रार कानावर येते. "साहेब, औंदा लई साप निघायला लागलेत. परवा मोरीत, काल रांजणापाशी." साप वाढले, उन्हाने पिसाळले, असा समज होतो. खरे कारण आपल्याच फडात आहे.

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. सावली, ओल, पाचट आणि उंदीर, सारे एका जागी. साप म्हणजे या फडाचे बिनभाड्याचे कूळच म्हणा ना! तोड झाली की दोन दिवसांत त्याचे घर मोकळे रान होते. उंदीर हलतात ते वस्तीवरच्या कणगीकडे आणि कडब्याच्या गंजीकडे. त्यांच्या मागे साप. त्यातच ओढा आटलेला. सापाला स्वतःचे अंग थंड राखता येत नाही; तापलेल्या जमिनीवर भर उन्हात तो फार काळ जगत नाही. म्हणून दिवसभर तो रांजणाखालची ओल, हौदाची कपार, विटांचा ढीग, मोटारीची खोली धरून बसतो आणि दिवस मावळला की बाहेर पडतो. नेमके त्याच वेळी आपण अंगणात अंथरूण टाकतो.

माणसाच्या जिवावर उठणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे कोकणात व खडकाळ माळरानावर जास्त. नाग फणा काढतो, तो बहुतेकांना ओळखू येतो. घोणस अंगाने जाड, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि जवळ गेले की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. ती पळत नाही, जागीच वेटोळे घालून बसते, म्हणून तिच्यावर पाय पडतो. ती अंडी न घालता पिलांनाच जन्म देते, एका वेळी वीस-तीससुद्धा, आणि पिलालाही पहिल्या दिवसापासून विष असते.

मण्यारीविषयी मात्र नीट समजून घ्यावे. ही काळी-निळसर, चकचकीत. अंगावर पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीने, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट. बिनविषारी कवड्याचे पट्टे याच्या उलट, मानेकडे ठळक. पण रात्री बॅटरीच्या उजेडात पट्टे मोजत बसू नये. मण्यार रात्रीच हिंडते आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा दंश कळतही नाही. सूज नाही, खूण नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. घरचे म्हणतात, शिळंपाकं खाल्लं असंल. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे जड होते आणि अखेर श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या उचलत नसतील, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून हलवावे. हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांनाही हे सांगावे. कोपीत लहानथोर सारे जमिनीवरच झोपतात.

धामण बिचारी उगाच मारली जाते. गाईच्या पायाला विळखा घालून ती दूध पिते म्हणतात. पण सापाच्या तोंडाला दूध ओढताच येत नाही. ती पोट भरते ते उंदरांवर.

आता माझ्या चुलत्यांची हकीकत सांगतो. १९८६ सालचा मे महिना. कॅनॉलच्या पाण्याची पाळी रात्रीची. पायात चप्पल, हातातली बॅटरी मंदावलेली. बांधावर घोणशीने घोट्याला धरले. आम्ही घरच्यांनी, त्यात मीही होतो, त्यांना आधी देवळात नेले. तिथे चार तास गेले. सूज गुडघ्याच्या वर चढली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा दवाखाना आठवला. लस मिळाली, पण मूत्रपिंडे निकामी झाली होती. नवव्या दिवशी ते गेले. ट्रॅक्टर सारी रात्र दारात उभा होता.

मंत्राने माणूस वाचला असे जे ऐकू येते, त्याचा हिशेब सोपा आहे. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. ही माणसे कुठेही नेली तरी वाचतात. श्रेय मांत्रिकाला जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. तेव्हा तयारी उन्हाळ्यातच हवी.

दंश झाल्यास माणसाला चालवू, पळवू नये. अंगठी, जोडवी, घड्याळ लगेच काढावे. सुजेत ती रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवावा. दोरीने आवळणे, पात्याने कापणे, चोखणे, पाला चोळणे यांपैकी काही करू नये. आवळलेला पाय पुढे कापावा लागल्याची उदाहरणे आहेत. सापामागे धावू नये. चारही सापांवर लस एकच आहे. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून पाहतात. गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले असे समजतात. नाग-मण्यारीच्या दंशात श्वासाच्या यंत्राची गरज पडू शकते. म्हणून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का आणि हे यंत्र कुठे आहे, हे आजच विचारून ठेवावे.

घराभोवती फार खर्चाचे काही नाही. सरपण, विटा आणि कडबा भिंतीपासून दूर हलवावा. खुराडे जमिनीपासून उचलावे. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि दाराखालच्या फटीला पट्टी ठोकावी. झोपायला बाज आणि मच्छरदाणी, तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या. फिनेल, लसूण, डांबरगोळ्या यांनी साप थांबत नाही, पैसे वाया. पाचट जाळू नये, पण त्यात हात घालण्याआधी काठीने हलवावे. रात्री पाण्याला जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि चांगली बॅटरी हवीच.

घरात साप निघालाच तर पोरेबाळे व कुत्रे बाजूला घ्यावे, एकाने लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला १९२६ वर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापाला मारणे गुन्हा आहे, आणि मारायला गेलेल्यालाच दंश झाल्याच्या घटनाही आहेत. रुग्णवाहिकेचा १०८ आणि हा १९२६, दोन्ही आकडे मोटारीच्या खोलीच्या दारावर रंगाने मोठे लिहून ठेवावेत. ऐनवेळी मोबाईलवर शोधताना हात थरथरतात.