आधी आवाज समान करा, मग कान लावा

बंगळुरूच्या चिकपेटेत आमचं घर कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. रात्री गल्लीतली शटरं पडली, हातगाड्यांचा खडखडाट थांबला की माझी गाणं ऐकायची वेळ सुरू होते. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही मंडळी आमच्या घरात वडिलांपासून आहेत. त्यांचं गाणं आणखी चांगलं ऐकू यावं या ओढीतूनच माझ्या हातून चूक झाली. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

सीडीवरचे किंवा फाइलमधले आकडे विजेच्या लहरींत बदलून अ‍ॅम्पकडे पाठवणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने नवा डॅक घरी आणला. आधी माझा जुना डॅक ऐकवला, मग नवा. नव्यावर तानपुऱ्याची जवारी उमलून आली, गळ्यातली प्रत्येक हरकत पुढे आली. मी त्याच रात्री 58 हजार रुपये मोजले. ते पैसे घराच्या जुन्या वायरिंगसाठी बाजूला ठेवलेले होते.

वर्षभराने म्युझिक सर्व्हर घेण्याची वेळ आली. गाण्यांच्या फाइल साठवून त्या डॅकला पुरवणारा हा एक छोटा संगणकच. माझ्याकडे रास्पबेरी पायवर बसवलेला साधा सर्व्हर होता. चाचणीसाठी आणलेला महागडा सर्व्हर त्यापेक्षा भरदार वाजत होता. इंजिनिअरिंग शिकणारी भाची तेव्हा घरी आली होती. तिने एवढंच विचारलं, "मामा, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकलात का?"

मी केला नव्हता, डॅक घेतानाही नाही. दुसऱ्या दिवशी ती एस. पी. रोडवरून मल्टिमीटर घेऊन आली. 50 हर्ट्‌झचा सूर वाजवून, अ‍ॅम्प बंद ठेवून, तिने दोन्ही डॅकच्या आउटपुटवरचा व्होल्टेज मोजला. जुन्याचा 2.0 व्होल्ट भरला, नव्याचा 2.3. हा फरक सुमारे 1.2 डेसिबलचा. इतका फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. तो 'मोकळा', 'जिवंत' आवाज म्हणून कळतो. आवाज वाढला की खर्ज आणि वरचे बारीक स्वर कानाला अधिक भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं होतं. मी पैसे मोजले ते त्या 1.2 डेसिबलचे.

मग आम्ही नीट परीक्षा घेतली. जुन्या सीडी प्लेअरच्या ऑप्टिकल आउटपुटला एक डॅक जोडला, कोॲक्शियलला दुसरा, आणि दोन्ही अ‍ॅम्पच्या वेगवेगळ्या इनपुटांवर घेतले. नव्या डॅकचा आवाज त्याच्या बटणाने 2.0 व्होल्टवर आणला. भाची नाणं उडवून इनपुट बदलत होती. मी पाठमोरा बसून कोणता डॅक वाजतोय ते सांगत होतो. 16 पैकी 9 उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानेही तेवढी येतात.

सर्व्हरचं कोडं त्याहून सोपं निघालं. माझ्या सर्व्हरमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सेटिंग चालू होती, म्हणून तो हळू वाजत होता. ती बंद केली आणि भरदारपणातला फरक संपला. नवा सर्व्हर परत पाठवला.

यंत्रायंत्रांत फरक कधीच नसतो, असं मी म्हणणार नाही. यूएसबीतून येणारी घरघर, सदोष अर्थिंगचा गुणगुणाट, सर्व्हरने नकळत बदललेला सॅम्पलिंग रेट यांनी आवाज खरोखर बिघडतो. पण धडधाकट यंत्रांमधला फरक फार बारीक असतो. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्‌झ दर्जाचा आणखी एक कन्व्हर्टर घातला. तो वाटेत आहे की नाही हे 554 वेळा विचारून ऐकणाऱ्यांची 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत.

म्हणून घरी तुलना करताना हे पाळा. आवाज मल्टिमीटरने समान करा, कानाने नव्हे. स्वस्त मल्टिमीटर उंच सुरांवर चुकतो, म्हणून सूर 50 ते 100 हर्ट्‌झचा घ्या. दोन आकड्यांत एक टक्क्याहून जास्त फरक ठेवू नका. सर्व्हरमधला इक्वलायझर आणि आवाज सारखा करणारी सेटिंग बंद करा. ओळखीच्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. तानपुरा आणि खुला षड्ज असेल तर उत्तम. कोणतं यंत्र वाजतंय ते तुम्हाला कळता कामा नये. 16 फेऱ्या करा. निदान 12 उत्तरं बरोबर आली तरच फरक ऐकू येतो असं माना, कारण नुसत्या अंदाजाने तेवढी येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते.

आमच्याकडे आवाज खरोखर सुधारला तो खोलीमुळे. खोली लांबट, फरशी उघडी, स्पीकर भिंतीला टेकलेले. स्पीकर दीड फूट पुढे घेतले, जमिनीवर जाड जमखाना अंथरला, मागच्या भिंतीला दुकानातल्या कापडाच्या गाठी लावल्या. डग्ग्याचा घुमारा आवरला आणि त्यातून शब्द मोकळे झाले. हा फरक ओळखायला परीक्षेची गरज पडली नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्या आईलाही तो लगेच कळला. पुढे वायरिंग आणि अर्थिंगही करून घेतलं, तेव्हा स्पीकरमधला गुणगुणाटही गेला.

तेव्हा यंत्र पसंत पडलं तरी पैसे त्या रात्री देऊ नका. ते आठवडाभर घरी ठेवायला मागा. आवाज समान करून, डोळ्यांआड ठेवून ऐका. ओळखता आलं नाही, तर निःशंक मनाने परत करा.