जेटला हात शेवटी

बाबू, फियाट पेट्रोल पिते म्हणून मेन जेट बारीक करायला निघालास, तर आधी थोडं ऐकून घे. जेट बहुतेक वेळा निर्दोष असतो, चोर दुसरीकडेच असतो.

गाडी डिचोलीकडची असेल तर पहिला संशय एअर फिल्टरवर. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ त्यात बसली की इंजिनाला हवा कमी पडते आणि तेवढंच पेट्रोल जास्त जळतं. मग चोक पुरता मागे येतो का बघ. फ्लोटची सुई नीट बसते का, ते पेट्रोलच्या वासावरून कळतं. पॉइंट, टायमिंग तपास. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरव, ब्रेक धरत असेल तर कार्बोरेटरने काय करावं?

आता स्क्रू. पेडण्याहून धारगळपर्यंत जाऊन ये, इंजिन तापू दे. चोक पूर्ण बंद. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घे. इंजिन अडखळायला लागेल. तिथून जरा जरा बाहेर काढ, आवाज एकसारखा झाला की थांब. मग स्लो कमी कर. पुन्हा एकदा स्क्रू बघून घे, कारण स्लो बदलला की तोही थोडा बदलतो. कान हवा, घाई नको.

दुसऱ्या दिवशी हायवेवर सरळ धाव घे, बाजूला थांबून लगेच इंजिन बंद कर आणि थंड झाल्यावर प्लग काढ. कोऱ्या चहाचा रंग असेल तर काहीच करू नकोस. काळी काजळी असेल, तरच जेट. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास: १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. १२५ काढून १२० घाल, एकदम ११० नको. प्लग पांढरा पडला किंवा चढावर इंजिन ठोकू लागलं, तर जुना जेट परत बसव. वाचवलेलं पेट्रोल जळलेल्या व्हॉल्व्हच्या बिलात जातं.

झाळून पुन्हा भोक पाडलेला जेट कुणी दिला तरी घेऊ नकोस. साफ करतानाही तार घालू नकोस, पितळ मऊ असतं. हवा मार, नाहीतर तंगूस ओव.

आणखी एक. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, तिथली हवा विरळ. तिथे ट्यून केलेली गाडी चोर्ला घाट उतरून आली की तिला इथे पेट्रोल कमी पडतं. आणि हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. त्याने मिक्श्चर आधीच पातळ होतं, ॲव्हरेजही थोडं घटतं, तेव्हा जेट आणखी बारीक करणं म्हणजे इंजिनाशी वैर. जुने रबरी पाइप मात्र बदलून घे, ते इथेनॉलने फुगतात.

ॲव्हरेज मोजायचं तर टाकी फुल्ल करून, त्याच पंपावर, त्याच रस्त्यावर. आकडे वहीत लिही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.