लिनक्सचे घड्याळ आणि साडेपाच तास

समजा, छत्रपती संभाजीनगरातील तुमच्या घरी एका जुन्या संगणकावर तुम्ही नुकतेच लिनक्स बसवले आहे. बसवताना पडद्यावर जगाचा नकाशा आला. त्यात तुम्ही आपले ठिकाण दाखवले आणि खाली नाव उमटले, 'कोलकाता'! आपली काही चूक झाली असे वाटून तुम्ही यादीत मुंबई, पुणे शोधू लागाल. पण चूक झालेली नसते.

पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तर आपले शहर ७५ अंश २० कलांच्या आसपास आहे. गणित करून पाहा. आपल्या शहराचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटे मागे चालतो. प्रत्येक गाव आपापल्या सूर्याप्रमाणे चालू लागले, तर आगगाड्यांचे वेळापत्रक कोणी करायचे? म्हणून १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एकच प्रमाणवेळ आहे. संगणकांसाठी जगातील वेळांची जी यादी केली आहे, तीत प्रत्येक विभागाला त्यातील एका मोठ्या शहराचे नाव दिलेले असते. भारताच्या वाट्याला कोलकाता आले. या यादीत जुना इतिहासही आहे : दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे केली होती, तेही तिला ठाऊक आहे.

आता संगणकाच्या आत डोकावू या. लिनक्स तास-मिनिटे लक्षात ठेवतच नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते) किती सेकंद झाले, एवढेच ते मोजते. साडेपाच तास मिळवले जातात ते वेळ पडद्यावर दाखवताना.

पण संगणक बंद असताना सेकंद कोण मोजतो? त्यासाठी आत एक वेगळे चिमुकले घड्याळ असते. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटते ना? तिला पंधरा वेळा दोनाने भागा, म्हणजे तिच्या निवडीचे कारण कळेल.

खरा घोटाळा होतो तो याच घड्याळापाशी. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज या घड्याळात भारतीय वेळ लिहिते आणि लिनक्स ती ग्रिनिचची समजून वाचते. दुपारी ३-३० ला लिनक्स चालू केले, तर ते आणखी साडेपाच तास मिळवून रात्रीचे ९ दाखवील! मग इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की लिनक्स त्या घड्याळात ग्रिनिचचे १० लिहून ठेवते. पुढच्या वेळी विंडोज सकाळचे १० दाखवते. दोघेही आपापल्या परीने बरोबरच!

टर्मिनल उघडा आणि 'टाइमडेटसीटीएल' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकून एंटर दाबा. स्थानिक वेळ, ग्रिनिचची वेळ आणि त्या आतल्या घड्याळाची वेळ एकाखाली एक दिसतील. शेवटच्या दोन सारख्या असतील तर सारे ठीक. संगणकावर फक्त लिनक्स असेल तर सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याची खूण करून ठेवणे पुरे. दोन्ही असतील तर विंडोजलाच ग्रिनिचची वेळ पाळायला लावणे अधिक चांगले. मात्र ते काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा.

वेळ चुकली म्हणून एवढे काय बिघडले, असे म्हणू नका. नव्या दुरुस्त्यांच्या याद्यांवर तारीख-वेळ असते. तुमचे घड्याळ मागे असेल, तर आजची यादी लिनक्सला भविष्यातली वाटते आणि उबुंटू, डेबियनसारखे लिनक्स ती चक्क नाकारते. सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांनाही मुदत असते. नवशिका बिचारा इंटरनेटला दोष देत बसतो!

जुन्या संगणकात रोजच तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे असे समजा. बहुधा त्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते : २० मिलिमीटर व्यास, ३·२ मिलिमीटर जाडी. विजेची वायर काढून, मोठ्या माणसाच्या देखत तो बदला, तारीख लावा आणि मगच दुरुस्त्या मागवा.