ज्योत पिवळी का पडते?

भांड्यांची बुडे काळी पडू लागली की घरात कोणीतरी म्हणते, "शेगडी जुनी झाली, आता नवी घ्या." पण शेगडी जुनी होते म्हणजे नेमके काय होते? बहुतेक वेळा तिचा हवेचा मार्ग तुंबलेला असतो, एवढेच.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅसमध्ये मुख्यतः ब्यूटेन व प्रोपेन हे हायड्रोकार्बन असतात. ब्यूटेनच्या २ रेणूंचे पूर्ण ज्वलन होण्यास ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. म्हणजे १ लिटर ब्यूटेनला सुमारे ३१ लिटर हवा हवी!

एवढी हवा आणण्यासाठी शेगडीत पंखा नसतो. चावीपुढे एक पितळी जेट असतो. त्याच्या बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो व जाता जाता बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो. नळीत दोहोंचे मिश्रण होते आणि ते बर्नरच्या छिद्रांशी जळते. उरलेली हवा ज्योतीला भोवतालून मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नरचे तत्त्वही हेच.

उतू गेलेले दूध, तेल व धूळ यांनी हा मार्ग अडला की हवा कमी पडते. मग न जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात व भांड्याला काजळी होऊन चिकटतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. (मिठाच्या पाण्याचा थेंब पडला तरी ज्योत क्षणभर पिवळी होते, पण तो सोडियमचा रंग, काजळीचा नव्हे.)

आता सफाई. हे काम घरातील मोठ्या माणसांबरोबरच करावे. प्रथम रेग्युलेटर बंद करावा व शेगडी थंड होऊ द्यावी. बर्नर उचलून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावा, ब्रशाने घासावा, छिद्रे बारीक काडीने मोकळी करावीत. बर्नर पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. हवेच्या फटीतील धूळही पुसावी.

जेटमध्ये मात्र सुई घालू नये. भोकाचा व्यास दीडपट झाला तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. गॅस त्या प्रमाणात वाढतो, हवा तितकी वाढत नाही, आणि ज्योत अधिकच पिवळी पडते. जेट तुंबला असेल तर जाणकार कारागिराला बोलवावे.

शेवटी नळी पाहावी. तिला चिरा पडल्या असतील किंवा ती ५ वर्षांची झाली असेल तर बदलावी. गळती तपासण्यासाठी सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये.

तुमच्यासाठी गणित : प्रोपेनच्या १ रेणूला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात; तर १ लिटर प्रोपेनला हवा किती? (उत्तर : सुमारे २४ लिटर.)