एच-इंडेक्स विचारणाऱ्या भाचीस



त्वचारोगात एम.डी. करणाऱ्या मुलीने दुसऱ्याच वर्षी 'नोकरीसाठी एच-इंडेक्स किती लागतो?' असं विचारावं, यात मावशीला नवल वाटलं नाही. हल्ली मुलाखतीत रुग्णांच्या आधी तोच निघतो.

हा आकडा काढला होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने, 2005 साली. ज्याच्या बारा निबंधांचा प्रत्येकी किमान बारा वेळा उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स बारा. गंमत अशी की तो कधी घसरत नाही. निवृत्त होऊन बागकाम करणाऱ्या प्राध्यापकांचाही वाढत राहू शकतो. त्यामुळे निवासी डॉक्टरने आपला आकडा विभागप्रमुखांच्या आकड्याशेजारी ठेवून खंतावणं व्यर्थ आहे. दुसरा आकडा, इम्पॅक्ट फॅक्टर, तर माणसाचा नसतोच; निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात हे सांगणारा तो नियतकालिकाचा आकडा. आपल्या उल्लेखसूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी यूजीन गारफील्ड यांनी तो वापरात आणला. त्यावरून माणसं तोलू नका, असं सांगणारा जाहीरनामा 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून निघाला. निवड समित्यांना मात्र अजून मोह आवरत नाही.

तरीही उल्लेखांची गणती अगदीच पोकळ नाही. कार्डिफचे अँड्र्यू फिनले आणि त्यांचे सहकारी जी. के. खान यांचंच बघ. त्वचारोगाने तुमच्या जगण्यात नेमकं काय बदललं, असं त्यांनी 120 रुग्णांना विचारलं आणि त्या उत्तरांतून दहा प्रश्नांची 'डीएलक्यूआय' ही प्रश्नावली बनवली. खाज, लाज, कपडे, घरकाम, खेळ, शरीरसंबंध. गुण शून्य ते तीस. 1994 साली निबंध छापून आला. त्यात ना नवा रेणू होता, ना महागडं यंत्र. पुढे सोरायसिसवर जैविक औषधं आली, आणि 'चट्टे किती कमी झाले' याबरोबर 'रुग्णाला किती बरं वाटलं' हेही मोजणं भाग पडलं. मोजपट्टी तयारच होती. आज डीएलक्यूआय शंभराहून अधिक भाषांत आहे आणि त्या एका निबंधाचे उल्लेख हजारोंनी झाले आहेत.

आपल्याकडचं उदाहरण गजकर्णाचं. हा विषय एकेकाळी फारच किरकोळ समजला जाई. मग ओपीडीत अख्खी कुटुंबं खाजवत येऊ लागली, नेहमीच्या गोळ्या लागू पडेनात, आणि प्रत्येकाच्या खिशात औषधाच्या दुकानातून थेट आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. श्याम वर्मा आणि आर. मधू यांनी 2017 मध्ये या साथीचा आढावा लिहिला, तोही 'इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'त, कुठल्या बड्या परदेशी नियतकालिकात नव्हे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव दिलं. 2023 साली न्यूयॉर्कमधल्या रुग्णांची नोंद झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरांना भारतीयांचं लिखाण उघडावंच लागलं.

आणि ज्याला फारसे उल्लेख मिळत नाहीत, असंही मोलाचं काम असतं. टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह 1945 मध्ये 'धोतराचा कर्करोग' नोंदवला: कमरेला वर्षानुवर्षं धोतर घट्ट काचल्याने तिथल्या त्वचेचा रंग जातो, ती जाड होते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. डीएलक्यूआयच्या आकड्यांपुढे हा निबंध कुठेच नाही. पण आजही साडीच्या काचाने कमरेवर झालेल्या जखमेबद्दल कुणी लिहायला बसलं की पहिली वाट मुंबईच्या त्या निबंधाकडेच जाते. मावशीच्या मते हा निबंध लिहिणं हे दहा 'केस रिपोर्ट' पाडण्यापेक्षा मोठं काम.

तुझ्या प्रबंधासाठी एक सुचवते. सोरायसिसची तीव्रता मोजणारा पासी हा गुणांक 1978 साली स्वीडनमध्ये तयार झाला. त्यात लालीला गुण आहेत. सावळ्या त्वचेवर ती लाली जांभळट, करडी दिसते, कधी दिसतच नाही. तुझ्या ओपीडीत असे रुग्ण रोज येतात. दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण दिले तर ते किती जुळतात, एवढं नीट तपासलंस तरी पुष्कळांच्या उपयोगी पडेल. फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, लेखी संमती घेऊन काढ. संख्याशास्त्राच्या सरांकडे रुग्ण गोळा करण्याआधी जा. लेखकांचा क्रम काम सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरव. नाहीतर ज्यांनी एकही रुग्ण तपासला नाही किंवा ओळ लिहिली नाही त्यांची नावं शेवटच्या आठवड्यात टपकतात. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्यांच्या ई-मेलना उत्तरही देऊ नकोस.

आणि कुलकर्णीसारख्या सर्रास आढळणाऱ्या आडनावाच्या मुलीने हे तरी आजच करावं: संशोधकाची ओळख पटवणारा ओआरसीआयडी क्रमांक काढ, निबंधांवर संपूर्ण नाव लिही, आणि लग्नानंतर घरात काहीही बदललं तरी ते नाव बदलू नकोस.

तुझी,
मावशी