माहितीपट कसा करावा?

चित्रपट म्हटला कीं कथा, नट व गाणीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. माहितीपटाचें तसें नाहीं. जें खरोखर घडलें किंवा घडत आहे, तेंच त्यांत दाखवावयाचें असतें. आपल्या देशांत असें चित्रण प्रथम करणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे अग्रगण्य होत. त्यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें.

या कामीं पहिला गुण हवा तो धीर. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वीं कुंडींत वाटाणा पेरला व तो वाढत असतां रोज थोडें थोडें चित्रण केलें. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांना क्षणांत दिसली. विषय लहान होता, परंतु निरीक्षणांत खंड नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमका प्रश्न. ‘उल्हासनगर’ एवढाच विषय घेतल्यास तो आवरणार नाहीं. महायुद्धकालीन लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली, हें पुस्तकांतही सांपडतें. परंतु ‘बराकींत पहिली चूल कशी मांडलीत?’ असें एखाद्या वृद्ध आजीबाईंना विचारा, आणि मग स्वस्थ ऐका. मध्येंच बोलूं नका.

हल्लीं मोबाइलमध्येंच कॅमेरा असतो. तो स्थिर ठेवावा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येऊं द्यावा व पंखा बंद करावा; कारण अस्पष्ट आवाज मागाहून सुधारणें कठीण. केवळ चेहराच नव्हे, तर बोलतांना हलणारे हात व जपून ठेवलेलें एखादें भांडेंही टिपावें.

शेवटचें काम संकलनाचें. खरी कसोटी येथेंच लागते. एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नास जोडलें, तर प्रत्येक शब्द खरा असूनही चित्र खोटें होतें. म्हणून चित्रणापूर्वीं परवानगी घ्यावी, आणि तयार झालेला माहितीपट प्रथम त्या आजीबाईंनाच दाखवावा.

विद्यार्थिमित्रहो, अंबरनाथचें शिवालय शके ९८२ पासून, म्हणजे इ. स. १०६० पासून उभें आहे. त्याचें चित्रण पुढील वर्षीं केलें तरी चालेल. परंतु १९४७ सालीं आठ वर्षांचीं असलेलीं मुलें आज ऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. त्यांच्याकडे या सुट्टींतच जा.